वायूवरची वाहने आणि रांगेतला माणूस



आज संध्याकाळी या सभागृहाकडे येताना तुमच्यापैकी पुष्कळांनी एक दृश्य पाहिले असेल. पंपाच्या फाटकापासून रस्त्याच्या कडेकडेने रिक्षांची रांग लागलेली असते. कोणी हँडलवर डोके टेकून डुलकी घेतो, कोणी खाली उतरून रिक्षा हातानेच चार पावले पुढे ढकलतो, कोणी शेजाऱ्याशी बोलत उभा असतो. आपण त्या रांगेला वळसा घालून जातो आणि मनात म्हणतो, ‘सीएनजीची रांग दिसते.’ त्यापलीकडे आपण तिचा विचार करीत नाही. आज मला त्या रांगेचाच इतिहास सांगावयाचा आहे.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. माझी शाळा दहावीला सुटली. पुढे जे काही शिकलो ते भोसरीच्या एका वर्कशॉपात कानस घासताना, वाचनालयातून आणलेली पुस्तके रात्री वाचताना आणि कामगारांच्या गेटसभांत उभा राहताना शिकलो. कामगार चळवळीत एक खोड लागते. कोणी म्हणाले की अमुक वस्तू स्वस्त झाली, की आपण विचारतो, ‘उरलेली किंमत कोणी भरली?’ याच खोडीपायी मी या विषयाकडे वळलो. माझे म्हणणे थोडक्यात असे : इंधनाची किंमत दोन नाण्यांत भरावी लागते. एक नाणे पैशाचे आणि दुसरे वेळेचे. पहिल्याचा भाव पंपावरच्या फलकावर लिहिलेला असतो. दुसऱ्याचा भाव कोठेही लिहिलेला नसतो, आणि ते नाणे बहुधा गाडीवर बसलेल्या कष्टकऱ्याच्याच खिशातून जाते.

गॅसवर चालणारे वाहन ही अगदी अलीकडची गोष्ट, असा आपला समज आहे. वास्तविक इंजिनाच्या घराण्यात वायूचा मान पेट्रोलच्या आधीचा. १८६० साली एत्येन लन्वार याने पॅरिसमध्ये जे इंजिन बनविले, ते रस्त्यावरचे दिवे ज्यावर जळत त्या कोळशाच्या वायूवर चाले. १८७६ साली जर्मनीत निकोलस ऑटो याने चार ठोक्यांचे इंजिन सिद्ध केले. ज्याला आपण फोर-स्ट्रोक म्हणतो आणि जे आजही आपल्या मोटारसायकलीत धडधडते, त्याचाच हा मूळपुरुष. तोही दिव्याच्या वायूवरच चालत असे. मग पेट्रोल पुढे का गेले? कारण साधे आहे. द्रव डब्यात मावतो, वायू मावत नाही. वायू बरोबर न्यावयाचा तर तो दाबून भरला पाहिजे. दाबण्यासाठी यंत्र हवे, यंत्रासाठी ठाणे हवे आणि ठाणी थोडी असली की रांग आलीच. आजच्या रांगेचे बीज वायूच्या या स्वभावातच आहे.

आपल्या जिल्ह्यातील जुन्या माणसांनी वायूवरची वाहने एकदा पाहिली होती, पण तो वायू निराळा होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मोटारमालकांनी गाड्यांच्या मागे लोखंडी शेगड्या बसविल्या. शेगडीत लोणारी कोळसा कोंदून जाळावयाचा, त्यातून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडावयाचा, अशी ती रचना होती. ‘कोळशाची मोटार’ म्हणून ती लोकांच्या बोलण्यात राहिली. तिचा जोर कमी. घाट लागला की उतारूंना खाली उतरून चालावे लागे, असे वडीलधारी मंडळी हसत सांगत. परंतु त्या गोष्टीतला क्लीनर कोणाच्या फारसा लक्षात राहत नसे. पहाटेची गाडी सुटावयाची तर तिच्या पुष्कळ आधी उठून शेगडी पेटविणे, हाताने भाता फिरविणे, वायू धरला की नाही ते पाहणे आणि रात्री राख काढून गाळण्या साफ करणे, हे सारे त्याने करावयाचे. मालकाचे पेट्रोल वाचले ते खरे. पण ते ज्याच्या झोपेतून वाचले, त्याचे नाव कोणत्याही हिशेबाच्या वहीत नाही.

युद्ध संपले, पेट्रोल मिळू लागले आणि शेगड्या भंगारात गेल्या. त्याच सुमारास पुण्यात एक नवे वाहन जन्म घेत होते. माणसाने माणसाला ओढावे ही लाजिरवाणी गोष्ट थांबली पाहिजे, या विचाराने नगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी यंत्रावर चालणाऱ्या तीनचाकी रिक्षेचा पाठपुरावा केला. तेव्हाच्या मुंबई सरकारात गृहमंत्री असलेल्या मोरारजी देसाईंकडून त्यांनी तिला परवानगी मिळविली. रिक्षा प्रथम रस्त्यावर आली त्या शहरांत पुणे होते. म्हणजे रिक्षेच्या जन्मामागे कष्टकऱ्याच्या छातीवरचा भार उतरविण्याची कल्पना होती. हे आपण ध्यानात ठेवू. पुढे उपयोगी पडेल.

नंतरचा इतिहास तर आपल्या अंगणातला आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९५९ साली बजाज कंपनीला स्कूटर आणि तीनचाकी बनविण्याचा परवाना मिळाला आणि आकुर्डीच्या माळावर कारखाना आला. १९६६ साली टेल्को आली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. ज्या माळावर ज्वारी-बाजरी होत होती, तेथून देशाला स्कूटर, टेम्पो, मालमोटारी जाऊ लागल्या. पुढे चाकणला पाहता पाहता परदेशी मोटारींचे कारखाने उभे राहिले. चाके बनविणाऱ्यांचे गाव अशी आपली ओळख झाली. पण ही चाके कशावर फिरणार, हा निर्णय मात्र आपल्या गावात कधी झाला नाही.

तो निर्णय प्रथम समुद्रात झाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून दूर अरबी समुद्रात तेल शोधले. १९७६ साली ‘बॉम्बे हाय’मधून तेल निघू लागले. तेलाबरोबर वायूही आला. १९७८ साली समुद्रतळाच्या नळाने तो उरणला पोहोचला. पुढे त्यावर उरणचे वीजकेंद्र चालले, थळचा खतकारखाना चालला. तरीही पुष्कळ वर्षे वापरता न आलेला वायू समुद्रातच मशालीसारखा जाळून टाकावा लागे. १९८४ साली गॅस ऑथॉरिटी स्थापन झाली आणि हजिऱ्याहून निघालेला मोठा नळ मध्यप्रदेशातून उत्तरप्रदेशापर्यंत गेला. पुण्यापासून उरण काही फार दूर नाही. मध्ये सह्याद्री उभा आहे, एवढेच. पण वायूला उत्तरप्रदेश आधी सापडला आणि पिंपरी फार उशिरा. मुंबईत महानगर गॅस कंपनी १९९५ साली स्थापन झाली. आपल्याकडची महाराष्ट्र नॅचरल गॅस स्थापन व्हावयास २००६ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात दुसरा निर्णय झाला, तो न्यायालयात. ॲड. एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दिल्लीच्या हवेविषयी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयाने हुकूम दिला की, ३१ मार्च २००१ पर्यंत दिल्लीच्या सर्व बसगाड्या नैसर्गिक वायूवर आल्या पाहिजेत. मुदत आली तेव्हा वायू पुरेसा नव्हता, पंप पुरेसे नव्हते, गाड्याही पुरेशा नव्हत्या. मुदत वाढवावी लागली. दिल्लीच्या रस्त्यांवर मैलमैल लांब रांगा लागल्या आणि बस-रिक्षांचे चालक रात्र रात्र त्यांत बसून राहिले. शेवटी २००२ च्या अखेरीस दिल्लीच्या सार्वजनिक बसगाड्यांतून डिझेल गेले. त्याच वर्षी ५ एप्रिलला न्यायालयाने दूषित हवेची जी आणखी शहरे नावाने सांगितली, त्यांत पुण्याचेही नाव होते.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट सांगतो. न्यायालयाचा हुकूम योग्य होता. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो जळताना डिझेलसारखी काजळी उठत नाही. पेट्रोलच्या तुलनेत, तेवढ्याच उष्णतेसाठी त्यातून सुमारे पाव हिस्सा कार्बन वायू कमी निघतो. तो निर्दोष आहे असे मात्र नव्हे. न जळता हवेत निसटला तर मिथेन पृथ्वीला कार्बन वायूपेक्षा कितीतरी पटींनी अधिक तापवितो. तरीही ज्याने डिझेलच्या धुरात नाशिक फाट्यावर दिवसभर रिक्षा उभी केली आहे, त्याला काजळी गेल्याचे मोल सांगावे लागत नाही. धूर आधी चालकाच्या छातीत जातो, मग उतारूच्या. स्वच्छ हवा ही श्रीमंतांची हौस नाही, ती आमचीच मागणी आहे. प्रश्न एवढाच आहे की स्वच्छ हवा सर्वांची झाली, तर तिचा वेळ एकट्या चालकाने का भरावा?

२००६-०७ ही आपल्या पट्ट्यातली मोठी विलक्षण वर्षे. २००६ मध्ये वायूची कंपनी आली. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन्ही बससेवा एक होऊन पीएमपीएमएल झाली, आणि पुढे तिच्या ताफ्यात वायूवरच्या बसगाड्या येत गेल्या. त्याच २००७ च्या सप्टेंबरात आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले वाहनांचे उत्पादन थांबले. तोवर लहान कारखान्यांचे तर विचारूच नका. ते एकामागून एक मिटत होते. कामगारांच्या हाती ‘स्वेच्छानिवृत्ती’ची रक्कम पडली आणि त्यांतल्या पुष्कळांनी काय केले? रिक्षा घेतली. ज्या हातांनी गाड्या जुळविल्या त्याच हातांत हँडल आले.

माझा एक जुना सोबती त्यांतलाच. आम्ही दोघे एकाच वर्कशॉपात होतो. ते बंद पडले तेव्हा तडजोडीच्या बैठकीला मी होतो. ‘पैसे घ्या, परवाना काढा, स्वतःचे मालक व्हा,’ असे गेटवर उभे राहून मीच सांगितले होते. पुष्कळ वर्षांनी एका रात्री दीड वाजता मला स्टेशनवरून घरी जावयाचे होते. रिक्षा मिळाली ती त्याची. तो म्हणाला, ‘आधी गॅस भरू, मग सोडतो.’ रांगेत आम्ही तासभर होतो. त्याने सीटखालून एक वही काढली. वर्कशॉपात असताना ओव्हरटाइम लिहून ठेवण्याची त्याला सवय होती. तशाच रकाने आखलेल्या वहीत तो रांगेतला वेळ मांडून ठेवीत होता. दिव्याच्या उजेडात मी मागच्या महिन्याची बेरीज केली. ४१ तास भरले. आठ तासांच्या पाच पाळ्या भरून वर एक तास. तो म्हणाला, ‘कंपनीत असतो तर या तासांसाठी तू गेट बंद केले असतेस. आता कोणाच्या दारात बसायचे?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो नोकरीतून गेला त्या दिवशी आमच्या संघटनेच्या रजिस्टरातून त्याचे नाव आम्ही कमी केले होते. कारखान्याचे गेट हीच आम्ही चळवळीची सीमा मानली. गेटाबाहेर पडलेला कामगार मालक झाला, असे आम्ही धरून चाललो. पण हा कसला मालक? भाडे सरकार ठरविते, इंधनाचा भाव कंपनी ठरविते, हप्ता बँक ठरविते आणि रांग कोण ठरवितो, हे कोणालाच ठाऊक नाही. मीटर उतारू बसल्यावर पडतो. रांगेत मीटर पडत नाही.

आता ही रांग लागते कशी, ते थोडे समजून घेऊ. वाहनाच्या टाकीत वायू भरतात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो दाबाने. रिक्षाच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट हा दाब. एवढ्या दाबानेही रिक्षाच्या टाकीत तीन-चार किलोच वायू मावतो, म्हणून तिला पुनःपुन्हा पंपावर यावे लागते. जो पंप थेट नळावर आहे आणि ज्याच्याजवळ मोठा कॉम्प्रेसर आहे, तेथे भरणे झपाट्याने होते. पण नळ जेथे पोहोचला नाही तेथे वायू टाक्यांच्या थप्पीत भरून मालमोटारीने आणतात. थप्पी रिकामी होऊ लागली की दाब उतरतो, भरावयास वेळ लागतो आणि टाकीत वायूही कमी बसतो. चालक म्हणतात, ‘आज प्रेशर नाही.’ म्हणजे तासभर उभे राहून अर्धीच टाकी मिळणार आणि संध्याकाळी पुन्हा रांग. पुन्हा ही मालमोटारही त्याच रस्त्याने येते, जेथे चाकणच्या चौकात सारी वाहतूक तुंबलेली असते. रांगेतून रांग जन्मते ती अशी.

सुरक्षेचीही किंमत याच नाण्यात मोजली जाते. हा वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळला तर वर निघून जातो. स्वयंपाकाचा गॅस जड असल्याने खाली साठून राहतो. पण २०० किलोंचा दाब सोसणारी टाकी नीट राहिली पाहिजे, म्हणून दर तीन वर्षांनी ती उतरवून पाण्याच्या दाबाने तपासावी लागते. नियम अगदी योग्य. परंतु त्या तपासणीचा खर्च आणि बुडालेला दिवस, दोन्ही चालकाचे.

स्वस्ताईचे आश्वासनही नेहमी टिकत नाही. १ एप्रिल २०२२ रोजी राज्य सरकारने या वायूवरचा कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, तेव्हा पुण्यात किलोचा भाव ६२ रुपयांच्या घरात आला. पण फेब्रुवारीतच युक्रेनचे युद्ध पेटले होते, आणि आपल्या देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा जहाजांनी बाहेरून येतो. वर्ष संपण्याच्या आत भाव नव्वदीपुढे गेला. सप्टेंबरात रिक्षाचे पहिल्या टप्प्याचे भाडे २१ रुपयांवरून २५ रुपये झाले, तोवर चालकाने कित्येक महिने घरातून भर घातली होती. युद्ध युरोपात आणि हिशेब निगडीच्या स्टँडवर, अशी ही गंमत आहे.

याहून मोठा धडा न्यूझीलंडने दिला आहे. तेलाच्या महागाईने गांजलेल्या त्या देशाने १९७९ पासून सवलती देऊन लोकांना मोटारी वायूवर आणावयास लावले. काही वर्षांतच लाखाहून अधिक मोटारी वायूवर आल्या. मग १९८५ च्या सुमारास सरकारने हात आखडला, पाठोपाठ पेट्रोल उतरले, आणि पंप एकेक करून बंद झाले. ज्यांनी सरकारच्या शब्दावर संच बसविले होते, त्यांच्याकडे टाक्या उरल्या. इंधन बदलले पण शब्द पाळावयाचे बंधन कोणावर नव्हते.

हे मी आज का सांगतो? कारण आपण पुन्हा एका वळणावर उभे आहोत. ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बजाजने वायूवर चालणारी मोटारसायकल आणली. कारखान्यात तयार होऊन बाजारात आलेली जगातली ही पहिलीच. तिच्यात दोन किलो वायू आणि दोन लिटर पेट्रोल मावते. मोटारसायकल म्हणजे चाकणच्या कंत्राटी कामगाराचे वाहन. भाड्याच्या खोलीतून पाळीवर जावयाचे, रात्री परतावयाचे. उद्या तोही त्या रांगेत उभा राहील, आणि त्याला कामावर पोहोचावयाची वेळ पाळायची असेल. दुसरीकडे विजेवरच्या बसगाड्या २०१९ पासून पीएमपीएमएलच्या ताफ्यात आल्या आहेत. आकुर्डीच्या ज्या आवारात २००७ साली उत्पादन थांबले, तेथे २०२२ साली विजेवरच्या स्कूटरचा कारखाना सुरू झाला. म्हणजे वायूचे हप्ते फिटण्याआधीच विजेचे बोलावणे आले आहे. वीज येऊ द्या, तिचे स्वागतच करू. पण तिच्या ठाण्यावरही बॅटरी भरेपर्यंत कोणीतरी उभा राहणारच आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. नवा पंप मंजूर करताना नुसते विक्रीचे किलो मोजू नयेत, तेथे वाट पाहण्याचा सरासरी वेळही मोजावा आणि फलकावर भावाशेजारी तो लिहावा. जेथे माणसे तास तास थांबतात तेथे सावली, पाणी आणि शौचालय असावे. रिक्षा चालविणाऱ्या भगिनी आता रांगेत आहेत, त्यांच्यासाठी तर हे टाळताच येणार नाही. भाडे ठरविताना रांगेतला वेळ कामाचा वेळ धरावा. आणि ज्या इंधनासाठी सरकारने चालकाला कर्ज काढावयास लावले, ते इंधन बदलावयाचे ठरेल तेव्हा जुन्या कर्जाची जबाबदारी एकट्या त्याच्यावर टाकू नये. माझ्या सोबत्यांनाही, कामगार चळवळीतल्या भावांनाही, एक सांगणे आहे. आपली गेटसभा आता पंपाच्या रांगेतही भरली पाहिजे. कमी केलेली नावे पुन्हा लिहावयास हवीत. त्या रात्रीनंतर आम्ही पहिले नाव लिहिले ते माझ्या त्या सोबत्याचे, आणि त्याची ती वही हा आमचा पहिला कागद झाला.

रिक्षा जन्मली ती माणसाच्या छातीवरचा भार उतरविण्यासाठी, असे मी मघा म्हटले. तो भार छातीवरून उतरला आणि घड्याळावर गेला, एवढाच फरक पडला. व्याख्यान संपवून आपण घरी निघाल तेव्हा ती रांग बहुधा अजून तेथेच असेल. जमल्यास क्षणभर थांबा आणि शेवटच्या रिक्षावाल्याला विचारा, ‘किती वेळ झाला?’ हा प्रश्न त्याला फारसे कोणी विचारलेला नाही.